टेलिफोनची दोन बिलं

१९९९ च्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी मी एक पाकीट घेऊन वरच्या मजल्यावर काकांकडे गेले. पाकिटात सहाशे रुपये होते. ऑगस्टपासून कितीतरी रात्री त्यांचा फोन माझ्या कामासाठी इंटरनेटला जोडलेला असायचा, त्याच्या बिलाचा मी अंदाजाने काढलेला हा आकडा. काकांनी पाकीट उघडून पाहिलं, मिटलं आणि माझ्या हातात परत ठेवलं.

"खोका आला की त्याचे पैसे तू हप्त्याने देणार आहेस. ते मी पै न पै घेईन आणि पावती देईन. हे घेणार नाही. फराळ करून जा."

काका म्हणजे नात्याचे कोणी नव्हेत. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात ते वर राहत, आम्ही खाली. तार खात्यात सगळी नोकरी झालेली. मोर्सच्या टकटकीपासून टेलिप्रिंटरपर्यंत सारं त्यांच्या हातांखालून गेलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी फंडाच्या पैशातून एक संगणक घेतला आणि ते लिनक्स या संगणकप्रणालीच्या मागे लागले. पीसीक्वेस्ट मासिक १९९६ पासून अंकासोबत लिनक्सच्या सीडी देत असे. काका त्या वहीत नोंद करून जपून ठेवत. वाड्यात कोणाला त्यात रस नव्हता. मलाही नव्हता.

माझे वडील शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जॉब टायपिंग करत. गोदरेजची दोन यंत्रं, एक इंग्रजी, एक मराठी. वकिलाने तोंडी सांगायचं आणि वडिलांनी थेट कागदावर उतरवायचं, तेही कार्बन लावून, एका दमात. चाळिसाव्या पानावर परिच्छेद वाढला तर पुढची सगळी पानं पुन्हा. १९९८ मध्ये त्यांच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. त्याच सुमाराला वकील मंडळी म्हणू लागली, "दादा, कॉम्प्युटरवर करून देत असाल तर सांगा, दुरुस्तीला बरं पडतं." मी इंग्रजीत एम.ए. करून घरी बसले होते. आईची एक बांगडी मोडून आम्ही जुना पेंटियम आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेतला. दुकानदाराने विंडोज आणि लिहिण्याचं सॉफ्टवेअर त्यात भरूनच दिलं होतं. तेव्हा सगळेच तसं देत.

काका यंत्र बघायला खाली आले. मी कौतुकाने सगळं दाखवलं. त्यांनी विचारलं, "यंत्राची पावती आहे. याची कुठे आहे?" आणि पडद्याकडे बोट केलं.

पावती नव्हती. मी काही बोलायच्या आत कॉटवर बसलेले वडील म्हणाले, "कलम ६३ ब." तीस वर्षं कोर्टाचे कागद टाइप केलेला माणूस तो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम त्यांना तोंडपाठ होतं: संगणकाच्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर कमीत कमी सात दिवसांची कैद आणि कमीत कमी पन्नास हजारांचा दंड. त्यांना ते माहीत होतं आणि तरी ते गप्प बसले होते, कारण बांगडी मोडल्यावर आणखी काही मोडायला घरात नव्हतं. त्यांचा त्या वेळचा चेहरा मला अजून दिसतो. काकांनी तो पाहिला असणार. ते एवढंच म्हणाले, "न्यायाचे कागद त्यावर नको करायला. थांब, काहीतरी बघतो."

त्यांनी जे बघितलं ते वर्डपरफेक्ट. कॅनडात ऑटावाला असलेल्या कोरेल कंपनीने १९९८ च्या डिसेंबरात 'वर्डपरफेक्ट ८' लिनक्ससाठी आणलं होतं. विकण्याचंच सॉफ्टवेअर, पण घरगुती वापरासाठी ते इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यायची मुभा होती. नव्वद दिवसांत नोंदणी करून परवान्याची किल्ली मागवायची, तीही विनामूल्य. पैसे मिळवण्याच्या कामासाठी मात्र परवाना विकत घ्यायला हवा. काकांनी हे सगळं इंग्रजी कलमांसकट वाचून काढलं आणि मला अट घातली. आधी या प्रतीवर शिकायचं, हात बसवायचा. वकिलाचा एकही कागद तिच्यावर करायचा नाही. हात बसला की खोका विकत मागवायचा, त्यांचा पुतण्या टोरांटोला आहे तो घेऊन येईल, आणि पैसे मी फेडायचे.

वर्डपरफेक्टच का, हेही त्यांनी सांगितलं होतं. अमेरिकेतले वकील वर्षानुवर्षं यावरच दावे लिहितात. तळटिपा, परिच्छेदांचे क्रमांक, ओळींचे क्रमांक यांत ते मुरलेलं आहे. "आपल्या कामाचं हत्यार आपल्याच धंद्यातल्या माणसांनी घासलेलं असावं," हे त्यांचं वाक्य मी नंतर खूप जणांना ऐकवलं आहे.

ती फाइल तेवीस-चोवीस एमबीची होती. आज एवढ्याशा आकड्याने कोणाची भुवईही वर जाणार नाही. तेव्हा विदेश संचार निगमच्या डायल-अप जोडणीवर, ओढत चालणाऱ्या मोडेमवर तो डोंगर होता. पुण्यात पावसाळ्यात टेलिफोनची तार भिजली की जोडणी तुटायची. सुदैवाने कंपनीने तीच फाइल लहान तुकड्यांतही ठेवली होती. काका रात्री साडेदहानंतर फोन जोडत आणि खुर्चीत बसून राहत, कारण तुटली तर पुन्हा जोडायला माणूस हवा. आम्हाला खाली मोडेमची ती किरकिर ऐकू यायची, मग शांतता, मग पुन्हा किरकिर. वडील अंथरुणातून म्हणायचे, "तुटली वाटतं." किती रात्री गेल्या ते मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं, असं आज वाटतं.

मग ती त्यांच्या यंत्रातून माझ्या यंत्रात आणायची; आता तिथेही लिनक्स होतं. सीडी कोरण्याची सोय कोणाकडेच नव्हती. काकांनी फाइलचे फ्लॉपीत मावतील असे तुकडे केले. सतरा फ्लॉप्या झाल्या. प्रत्येकीवर त्यांच्या तिरप्या, स्वच्छ अक्षरात क्रमांक. अकरावी फ्लॉपी वाचली गेली नाही. ते जिना चढून गेले, नवी करून आणली, तीही बिघडलेली निघाली, पुन्हा चढून गेले. तेव्हा ते पासष्टीच्या पुढे होते आणि आमच्या वाड्याचा जिना लाकडी, अरुंद, वळणाचा होता.

बसवतानाही सरळ काही झालं नाही. त्यांनी मला कमांड सांगितली आणि मी टाइप केली: टिंब, तिरपी रेघ, 'रनमी'. यंत्र म्हणे अशी फाइलच नाही. "पहिलं अक्षर कॅपिटल आहे, नीट बघ," काका म्हणाले. लिनक्सला लहान आणि मोठ्या लिपीतलं अक्षर वेगळं, हे मी त्या दिवशी शिकले आणि त्याचा मला आनंद झाला, कारण वडिलांनी मला टायपिंग शिकवताना नेमकी हीच शिस्त लावली होती. मग दुसरी अडचण. वर्डपरफेक्ट 'लिबसी ५' या जुन्या लायब्ररीच्या आधारावर बांधलेलं होतं आणि लिनक्सच्या वितरणांनी तोवर तिची जागा नव्या 'जीलिबसी'ला दिली होती. प्रोग्रॅम आपल्या ओळखीचा आधार शोधतो, तो सापडला नाही की उघडतच नाही. काकांकडच्या रेड हॅट लिनक्सच्या सीडीवर जुनी लायब्ररी जुळवणीसाठी ठेवलेली होती, ती त्यांनी शोधून बसवली. शेवटी पडद्यावर आधी एक लहानशी खिडकी उघडली, मेनूची पट्टी असलेली, आणि मग लिहायचा मोठा पांढरा कागद. वडील कॉटवरून उठून आले. कागदाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "समास किती घेतोय?"

तीन महिने मी केवळ सराव केला. वडील जुन्या दाव्यांच्या कार्बन प्रती काढून देत, मी त्या उतरवत असे. वर्डपरफेक्टमध्ये 'रिव्हील कोड्स' नावाची सोय आहे. ती उघडली की पडदा दोन भागांत विभागतो. वर तुमचा कागद, खाली तोच मजकूर, पण आत दडलेल्या सगळ्या खुणांसह. कुठे ठळक अक्षर सुरू झालं, कुठे संपलं, कुठली ओळ तुम्ही स्वतः तोडलीत आणि कुठली यंत्राने जागा संपली म्हणून तोडली. या दोन ओळींच्या खुणाही वेगळ्या असतात. मला सुरुवातीला तो कचरा वाटायचा आणि मी तो बंद ठेवायची.

एका संध्याकाळी एका अपिलाच्या सरावात तेविसाव्या परिच्छेदापासून सगळा मजकूर उजवीकडे सरकला. मी तीन तास झगडले. एकेक ओळ ओढत होते आणि पुढची आणखी बिघडत होती. काका आले, शेजारी बसले, रिव्हील कोड्स उघडलं आणि कर्सर हळूहळू मागे नेत राहिले. बाविसाव्या परिच्छेदाच्या शेवटी एक खूण होती: डावा समास. कधीतरी माझ्या हातून वरची पट्टी ओढली गेली होती. त्यांनी ती खूण माउसने धरली आणि त्या चौकटीबाहेर ओढून सोडून दिली. सगळा मजकूर जागच्या जागी आला.

"लोक तारेतला मजकूर वाचतात," ते म्हणाले. "आम्ही आधी वरची ओळ वाचायचो. कुठून निघाली, किती वाजता, शब्द किती. शब्द मोजून जुळले नाहीत तर मजकूर कितीही बरा दिसो, तार पुढे जायची नाही. बिघाड झाला की मजकुराशी भांडायचं नाही, त्याच्या मागचं बघायचं."

त्यानंतर मी खालची चौकट कधी बंद केली नाही. पुढे अनेक सॉफ्टवेअर वापरली, इतकं उघड्या मनाने आपलं आतलं दाखवणारं दुसरं मला भेटलं नाही. मला अजूनही मनापासून वाटतं की कागदांवर पोट असलेल्या माणसासाठी याहून चांगलं हत्यार कोणी घडवलेलं नाही.

ते घडवणारे कोण, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या युटामधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ. तिथे ॲलन ॲश्टन संगणकशास्त्र शिकवत आणि ब्रूस बास्टियन हा संगीताचा विद्यार्थी विद्यापीठाच्या बँडपथकाचं काम बघत असे. मैदानावर वादकांनी कसं कसं फिरायचं ते आधी संगणकावर आखता यावं म्हणून दोघांची गाठ पडली. १९७९ च्या सुमारास त्यांनी जवळच्या ओरेम शहराच्या नगरपालिकेसाठी लिहिण्याचा प्रोग्रॅम केला, पण त्याचे हक्क स्वतःकडे ठेवले. त्यातून वर्डपरफेक्ट उभं राहिलं. २०२४ च्या जूनमध्ये बास्टियन गेल्याचं वाचलं तेव्हा मी त्या दिवशी वडिलांच्या फोटोला हार घालताना त्यांचंही नाव मनात घेतलं.

छपाईची गाठ सुटायला सप्टेंबर-ऑक्टोबर गेले. कोर्टाला लीगल आकाराचा हिरवा लेजर कागद लागे, डावीकडे रुंद समास, ओळींत मोकळं अंतर. वर्डपरफेक्टजवळ छपाईयंत्रांची स्वतःची यादी होती, तिच्यात आमचा प्रिंटर नव्हता. दुसऱ्या रात्रपाळ्या सुरू झाल्या. काका वर बसून माहिती शोधायचे. अखेर वर्डपरफेक्टने पोस्टस्क्रिप्टमध्ये लिहायचं आणि घोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमने ते प्रिंटरच्या भाषेत उलगडायचं, असा मार्ग निघाला. पान अगदी सावकाश उमटे, पट्टी पट्टी करत. पण डॉट मॅट्रिक्स ठोकून छापतो, म्हणून कार्बन चाले, आणि वडिलांचा कार्बनवर जन्माचा विश्वास होता.

डिसेंबरात टोरांटोहून खोका आला. सोबत छापील पुस्तक होतं. काकांनी किंमत कॅनडाच्या डॉलरवरून रुपयांत मांडून कागदावर लिहिली, चार हप्ते पाडले. प्रत्येक हप्त्याला तिकीट लावून, सही करून पावती दिली. पहिल्या हप्त्याच्या पावतीच्या दुसऱ्या दिवशी मी पहिला खरा दावा टाइप केला. वकिलांनी तो वाचून न बोलता सही केली. वडिलांच्या लेखी यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती.

मराठी कागद मात्र वडिलांकडेच राहिले. वर्डपरफेक्टला देवनागरी येत नव्हती. मराठीसाठी तेव्हा श्री-लिपी किंवा सी-डॅकची सॉफ्टवेअर होती, ती विंडोजवर चालत. म्हणून आमच्या टेबलावर कित्येक वर्षं एका बाजूला संगणक आणि दुसऱ्या बाजूला गोदरेजचं मराठी यंत्र अशी मांडणी होती. आखडलेल्या बोटांनी वडील दिवसाला दोन-तीन पानं काढत. मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, बरं झालं. त्यांच्या हातातलं काम एकदम सुटलं नाही.

एका गुरुवारी दुपारी वीज गेली. पुण्यात गुरुवार हा वीज आणि पाणी जाण्याचा वार, पण त्या दिवशी ती वेळेआधी गेली आणि बासष्ट पानांचं अपील उघडं होतं. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती. वीज आल्यावर यंत्र काळ्या पडद्यावर डिस्क तपासत बसलं आणि एकेक प्रश्न विचारू लागलं. मी रडत वर गेले. काका जेवत होते, हात धुऊन खाली आले. "कशाला हात लावू नकोस, तो विचारेल त्याला हो म्हणत जा." अर्ध्या तासाने वर्डपरफेक्ट उघडलं आणि त्याने दर काही मिनिटांनी आपणहून ठेवलेली प्रत पुढे केली. फक्त शेवटचा परिच्छेद गेला होता. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते अर्धं राहिलेलं जेवण जेवायला वर गेले.

ज्या सॉफ्टवेअरवर माझं पोट चाललं ते दीड वर्षात पोरकं झालं. २००० मध्ये कोरेलने लिनक्ससाठी पूर्ण ऑफिस संच आणला. तो मुळात विंडोजचाच प्रोग्रॅम, 'वाइन' नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने चालवलेला होता आणि आमच्या यंत्राला तो झेपलाच नसता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कोरेलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले. पुढच्या वर्षी कंपनीने आपलं लिनक्सचं काम दुसऱ्याला दिलं. मला फार लागलं ते. काकांना विचारलं, "आता?" ते म्हणाले, "तुझ्याकडे पावती आहे. ते तुझं आहे. चालेल तोवर चालव." मी ते २००६ पर्यंत चालवलं. लिनक्सची प्रत्येक नवी आवृत्ती बसवताना ती जुनी लायब्ररी आधी जपून बाजूला काढायची, मग पुन्हा जागेवर ठेवायची. काका ते स्वतः करत, नंतर मी करू लागले.

तोवर लिनक्सवर मराठी येऊ लागली होती. २००४ मध्ये रेड हॅटने लोहित हा देवनागरी फाँट सर्वांसाठी खुला केला. मी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकले. एका संध्याकाळी वडिलांना खुर्चीत बसवून म्हटलं, "दादा, तुमचं नाव टाइप करा." त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने एकेक अक्षर शोधलं. रफार कुठे आहे, असं विचारलं. त्यांच्या यंत्रावर त्याला स्वतंत्र कळ होती, इथे 'र'ला हलंत देऊन तो मिळवावा लागतो. त्यांनी तो मिळवला. पुढच्या वर्षी ते गेले.

माझ्या जुन्या फाइली आजही उघडतात. कंपनीने लिनक्स सोडून दिल्यानंतरही काही प्रोग्रॅमरांनी वर्डपरफेक्टच्या कागदांची आतली रचना उलगडून 'लिबडब्ल्यूपीडी' ही लायब्ररी लिहिली आणि ती लिबरऑफिसमध्ये आहे. १९९९ च्या डिसेंबरातला तो पहिला दावा मी अधूनमधून उघडते. समास जागेवर असतो.

काका २०११ मध्ये गेले. तार बंद झाल्याचं त्यांना बघावं लागलं नाही. ती २०१३ च्या जुलैत बंद झाली. काका गेल्यावर पंधरा दिवसांनी काकू खाली आल्या. बँकेसाठी वारसाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी ते मराठीत केलं, लोहितमध्ये, पाच पानं. काकूंनी पर्स उघडली.

"किती झाले?"

"काकू, कागद आणि स्टँपचे तेवढे द्या."

"आणि टायपिंगचे?"

मी मान हलवली. घेतलेल्या पैशांची पावती लिहून दिली. काकू ती ठेवायला वर गेल्या आणि मला हाक मारली. काकांची फाइल त्यांना कपाटातून निघत नव्हती. जाड, फितीने बांधलेली. मी ती उघडून दिली. १९७२ पासूनची विजेची बिलं, पाण्याची, घरपट्टीची, काकूंच्या दवाखान्याची, सगळी सालवार. टोरांटोच्या दुकानाची पावती होती, माझ्या चार हप्त्यांच्या पावत्यांच्या कार्बन प्रती होत्या. टेलिफोनची बिलं वेगळ्या टाचणीत होती, दर दोन महिन्यांचं एक. मी १९९९ काढलं. जूनचं होतं, त्याच्या पाठीमागे एकदम डिसेंबरचं. मधली दोन त्यांनी ठेवली नव्हती.